आधी पाणी, मग माती, शेवटी झाड: नाशिकच्या जमिनीवर भूदृश्यरचना कशी करावी

रोपांची यादी हा भूदृश्यरचनेच्या, म्हणजे इमारतीभोवतालच्या मोकळ्या जमिनीच्या आखणीच्या, कामातला जवळजवळ शेवटचा कागद असतो. तरीही जागेचे मालक, सोसायटीचे पदाधिकारी, शाळेचे विश्वस्त आणि पुष्कळसे वास्तुरचनाकारसुद्धा पहिल्याच बैठकीत तोच कागद मागतात. त्यांची घाई समजण्यासारखी आहे, कारण बाग म्हटले की डोळ्यांपुढे झाडे येतात. पण झाड जिथे उभे राहायचे तिथली माती कशी आहे, त्या मातीखाली काय आहे आणि आषाढ-श्रावणात तिथून पाणी कोणत्या वाटेने जाते, हे ठरल्याशिवाय केलेली यादी पहिल्या दोन वर्षांतच निम्मी बाद होते, असा माझा नाशिक परिसरातल्या कामांचा अनुभव आहे. म्हणून लँडस्केप आर्किटेक्ट, म्हणजे भूदृश्यरचनाकार, प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने विचार करतो, ते एका कल्पित जागेच्या आधाराने येथे मांडतो.

समजा, सातपूरच्या बाजूला नासर्डीला, म्हणजे नंदिनी नदीला, मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठी सुमारे दोन एकरांची, ढोबळमानाने 8000 चौरस मीटरची, जागा आहे. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला आहे, खालच्या अंगाला काळी माती आहे, एक जुना उंबर आणि बांधावर चार-पाच बाभळी आहेत, आणि तिथे शाळेची इमारत व मैदान व्हायचे आहे.

जागा दोन ऋतूंत पाहावी

पहिली फेरी मे महिन्यात करावी आणि दुसरी भर पावसात. मे महिन्यात जमिनीचा सांगाडा दिसतो. खडक कुठे वर आला आहे, काळ्या मातीला किती रुंद भेगा पडल्या आहेत, दुपारी तीन वाजता सावली कुठे आहे, कोणते झाड पाणी न मिळताही हिरवे आहे, हे सगळे तेव्हा वाचता येते. पावसाळ्यातल्या फेरीत छत्री घेऊन फक्त पाण्याच्या मागे चालायचे असते. शेजारच्या भूखंडातून पाणी कुठे शिरते, कुठे थबकते आणि पाऊस थांबल्यावर किती तासांनी ओसरते, याची नोंद तारीख-वेळेसह वहीत करावी आणि त्या जागी खुंट्या ठोकाव्यात. कामाच्या वेळापत्रकात पावसाळ्याची वाट पाहण्याएवढी सवड नसेल, तर मातीवर उरलेल्या खुणा पाहाव्यात. कुंपणाच्या तारेला अडकलेला पाचोळा, भिंतीवरची चिखलाची रेघ आणि लव्हाळ्याचे बेट या तीन गोष्टी पाण्याची उंची आणि वाट पुष्कळ विश्वासाने सांगतात.

नाशिकमध्ये ही खबरदारी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण इथे पावसाचे मान कोसाकोसाला बदलते. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शहरात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, आणि पूर्वेला सिन्नरकडे गेल्यावर पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. त्यामुळे त्र्यंबक रस्त्यावरच्या एखाद्या जागेत यशस्वी झालेला आराखडा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जसाच्या तसा वापरता येत नाही. अंतर तासाभराचे असले, तरी पाण्याच्या दृष्टीने हे दोन निराळे मुलूख आहेत.

जागेवर राहणाऱ्या माणसांशी बोलणे हाही पाहणीचाच भाग आहे. नाशिककरांकडे पुराची स्वतःची मोजपट्टी आहे. गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की छातीला, आणि जुन्या सरकारवाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले, अशा भाषेत 1969 आणि 2008 चे पूर आजही सांगितले जातात. लहान ओहोळांच्या बाबतीतही अशी मोजपट्टी कुणाच्या तरी तोंडी असतेच. एका कामात आम्ही मोजणी करून, नकाशा काढून बैठकीची जागा निश्चित केली होती. ती पाहून शेजारच्या मळ्यातल्या आजी एवढेच म्हणाल्या, "दादा, तिथं आमची म्हैस रुतायची." आम्ही त्या ठिकाणी खोदून पाहिले, तर दीड हातावर झिरपा लागला. बैठकीची जागा हलवावी लागली आणि त्या झिरप्यावरच पुढे सगळ्या बागेची रचना उभी राहिली.

कायद्याच्या रेषाही याच टप्प्यावर नकाशावर आणाव्यात. नदीकाठच्या जागेत निळी पूररेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नव्हे, तर मोकळा वापरच गृहीत धरून चालावे. जागेवर आधीपासून असलेल्या प्रत्येक झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि पर्णसंभाराचा विस्तार मोजून घ्यावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. आपल्या कल्पित जागेतला उंबर या वयाचा असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा इमारतीची जागा त्याला पाहून ठरवावी.

मातीची परीक्षा

नाशिकच्या जमिनीचा पाया बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, आहे. तो झिजून मुरूम होतो आणि सखल भागात हजारो वर्षे साचत आलेली बारीक माती काळी होते. या दोन्हींचे स्वभाव अगदी उलट आहेत. मुरमात पाणी पटकन उतरते, पण टिकत नाही. त्यात अन्नद्रव्येही कमी असतात आणि दोन-तीन फुटांवर अखंड खडक लागला की उतरलेले पाणी आडवे वाहू लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पेव्हर ब्लॉकचे रस्ते लाटांसारखे का होतात आणि कुंपणाच्या भिंती का तडकतात, याचे उत्तर बहुतेक वेळा या फुगण्या-आकसण्यात असते.

पाणी मुरण्याची चाचणी कुणालाही करता येते. फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरावा आणि पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. मात्र यात एक फसगत आहे, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. मे महिन्यात काळ्या मातीत ही चाचणी केली, तर पाणी भेगांमधून झरझर नाहीसे होते आणि जमीन उत्तम निचऱ्याची आहे असे वाटते. जुलैमध्ये त्याच भेगा मिटतात आणि त्याच खड्ड्यात पाणी दिवसेंदिवस उभे राहते. सुरुवातीच्या काळात अशाच एका उन्हाळी मोजणीवर विसंबून मी शोषखड्डे आखले होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे डबके झाले. तेव्हापासून मी खड्डा आदल्या दिवशी पूर्ण भिजवून घेतो आणि दुसऱ्या दिवशीचेच माप धरतो.

जागेवर कमीत कमी पाच ठिकाणी माणूसभर खोल खड्डे घेऊन मातीचे थर उघडे पाहावेत. वरची माती किती इंच आहे, चुनखडीचा थर आहे का, मुरूम कुठे सुरू होतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जी समजूत येते ती प्रयोगशाळेच्या अहवालातून येत नाही. अहवाल मात्र तरीही करून घ्यावा, विशेषतः सामू (मातीची आम्लता-अल्कता) आणि क्षारता कळण्यासाठी.

थरांवर थर ठेवून वाचणे

आता हातात आलेली माहिती एकत्र वाचायची असते. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भूदृश्यरचनाकार इयान मॅकहार्ग यांनी उतार, माती, पाणी, वनस्पती आणि वस्ती यांचे निरनिराळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचण्याची पद्धत रूढ केली. आज तेच काम संगणकावर होते. लहान जागेसाठी ट्रेसिंग पेपरचे पाच कागद पुरतात, आणि माझ्या मते ते अधिक बरे, कारण हाताने रेघ ओढताना माणूस प्रत्येक रेघेपाशी थांबून विचार करतो.

आपल्या कल्पित जागेत हे थर एकत्र ठेवले की इमारतीची जागा आपोआप पुढे येते. ती वरच्या अंगाला मुरमावर जाते, कारण तिथे पायाही भक्कम मिळतो आणि काळी माती झाकली जात नाही. मैदान मधल्या सौम्य उतारावर बसते. ओहोळालगतचा सखल काळ्या मातीचा पट्टा पाण्यासाठी मोकळा राहतो. या तीन रेषा चुकल्या, तर पुढे कितीही सुंदर झाडे लावली तरी चूक झाकली जात नाही.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढे एक समीकरण पाठ असले की पुष्कळ निर्णय सोपे होतात. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर आपल्या 8000 चौरस मीटरवर 400 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 40 टँकर, पाणी पडते. सगळी जागा छपराने आणि फरसबंदीने झाकली, तर त्यातले सुमारे 90 टक्के, म्हणजे 36 टँकर, लगेच ओहोळात धावते. तेच आच्छादन एक तृतीयांशावर ठेवले आणि उरलेल्या जागेत झाडोरा असला, त्यातून साधारण चौथा हिस्सा वाहून जातो असे धरले, तर ओहोळात जाणारे पाणी सुमारे 190 घनमीटरवर, म्हणजे निम्म्यावर, येते. ऑगस्टमध्ये जमीन भरलेली असताना हा आकडा वाढतो, म्हणून आराखड्यात पाण्याला थांबायला हक्काची जागा ठेवावीच लागते.

ती जागा म्हणजे उथळ, गवताळ, रुंद चर. सिमेंटची गटारे पाणी पळवतात, तर गवताळ चर त्याला चालायला लावतात. मुरमाच्या उतारावर समपातळीत चर आणि त्यांच्या खालच्या कडेला बांध घालावा. समपातळी काढण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी असते. पाणी मुरवण्याची कामे वरच्या मुरमात करावीत आणि खालच्या काळ्या मातीत उथळ तळे किंवा पाणथळ ठेवावी, हे नाशिकच्या मातीचे साधे गणित आहे. उलट केले, तर काळ्या मातीतले शोषखड्डे तुंबतात आणि मुरमातले तळे दिवाळीपूर्वी कोरडे पडते.

छपराचे पाणीही मोजावे. 600 चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि गळती-बाष्पीभवन वजा करून 80 टक्के हाती आले, तर ते 3,36,000 लिटर होते. याच्या शेजारी हिरवळीचा खर्च मांडून पाहावा. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते, म्हणजे 500 चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला 2500 लिटर. छपराचे सगळे पाणी साठवता आले, तरी ती हिरवळ ते साडेचार महिन्यांत पिऊन टाकील. हे आकडे विश्वस्तांपुढे ठेवले की हिरवळीचा आग्रह आपोआप सैल होतो. मुलांना लोळायला थोडी हरळी जरूर असावी, पण शोभेसाठी अंथरलेली हिरवळ गंगापूर धरणाच्या पाण्यावर पोसणे मला पटत नाही.

ओहोळाच्या काठाबद्दल माझे मत ठाम आहे. काठ सिमेंटने बांधू नये आणि तळ तर मुळीच झाकू नये. रामकुंडाच्या परिसरात गोदापात्राच्या तळावर काँक्रीट ओतले गेले आणि जुनी कुंडे त्याखाली गेली, त्याची चर्चा नाशिकमध्ये वर्षानुवर्षे चालू आहे. झरे बुजले की नदी वरून सोडलेल्या पाण्यावर जगू लागते. धूप होणाऱ्या वळणावर जाळीत भरलेले दगड रचावेत, त्यांच्या फटींत शेरणी आणि वाळुंज ही नदीकाठची झाडझुडपे लावावीत, आणि काठाचा उतार एकास दोनपेक्षा (एक उंचीला दोन आडवे अंतर) तीव्र ठेवू नये.

ऊन, सावली आणि माणसे

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो दक्षिणेकडे सुमारे 47 अंशांवर असतो. तेव्हा 10 मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ साडेनऊ मीटर पसरते. थंडीच्या दिवसांत मुलांना मधल्या सुट्टीत उन्हात बसायचे असते, म्हणून इमारतीच्या उत्तरेला बसण्याचे कट्टे आखणे ही नाशिकसाठी चूक आहे.

सावलीच्या झाडांबद्दल परदेशी पुस्तकांतला एक नियम येथे जसाच्या तसा लावला जातो: पानगळीचे झाड लावा, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल. आपल्याकडची पानगळ थंडीमुळे होत नाही, ती कोरडेपणामुळे होते. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे नेमकी फाल्गुन-चैत्रात, म्हणजे ऊन तापू लागते तेव्हा, निष्पर्ण असतात. बहावा वैशाखात फुलांनी लगडतो तेव्हा त्याच्यावर पाने थोडीच असतात. म्हणून पश्चिमेच्या उन्हाला अडवण्यासाठी कडुनिंब, करंज, जांभूळ, उंबर अशी झाडे घ्यावीत, ज्यांच्यावर एप्रिल-मे महिन्यांत ताजी किंवा टिकून राहिलेली पालवी असते. पळस आणि काटेसावर जरूर लावावेत, पण जिथे फुले पाहायची तिथे लावावेत, जिथे बसायचे तिथे नव्हेत.

माणसे कुठून चालतात हे पाहण्यासाठी फार शोध लागत नाही. त्यांची पायवाट आधीच पडलेली असते, आणि फरसबंदी शक्यतो तिच्यावरच करावी. पाण्यासाठी फरशीला शंभरास एक ते दोन उतार आणि चाकाच्या खुर्चीच्या उतरत्या वाटेला (रॅम्पला) एकास बारा, ही मापे पाळावीत.

आता रोपांची यादी

इथपर्यंत आल्यावर यादी जवळजवळ स्वतःच तयार होते, कारण प्रत्येक जागेचे पाणी, माती आणि ऊन ठरलेले असते. तरी यादी करण्यापूर्वी एक दिवस आपल्या भागातल्या जिवंत नमुन्यांवर घालवावा. मुरमाड उतारासाठी बोरगडचे संवर्धन राखीव क्षेत्र आणि पांडवलेण्यांचा डोंगर पाहावा, खडकाळ पठारासाठी अंजनेरी. अंजनेरीच्या नावावरून जिचे शास्त्रीय नाव ठेवले गेले ती सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात तिथल्या उघड्या, गवताळ कड्यांवर वाढते. हे ध्यानात ठेवले, तर उघडे माळरान म्हणजे ओसाड जागा आणि तिथे झाडे लावलीच पाहिजेत, हा समज सुटतो. पाणथळीसाठी निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर पाहावे, जे 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले.

मुरमाच्या अंगाला मेडशिंग, धावडा, खैर, आपटा, सालई अशी मूळची कोरड्या डोंगरावरची झाडे, त्यांच्याखाली करवंद, धायटी, मुरुडशेंग यांची झुडपे आणि मध्ये मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल व कुसळीचे गवत ठेवावे. शाळा असल्यामुळे पायवाटेलगत कुसळी टाळावी, कारण तिची कुसळे मुलांच्या कपड्यांत आणि कातडीत रुततात. काळ्या मातीच्या पट्ट्यात बाभूळ, करंज, जांभूळ आणि अर्जुन चांगले येतात, त्यातही अर्जुन ओहोळाच्या जवळ. पाणथळीत लव्हाळा आणि वाळा पुरेत. पाणकणीस मात्र मर्यादेत ठेवावे, नाही तर दोन वर्षांत तळे दिसेनासे होते. मुलांसाठी एका कोपऱ्यात रुई, कडीपत्ता आणि लिंबू एकत्र लावावेत. रुईवर आणि लिंबूवर्गीय झाडांवर फुलपाखरे अंडी घालतात, आणि पानावरची अळी कोशापर्यंत रोज पाहणाऱ्या मुलांना वेगळा निसर्गाचा तास लागत नाही.

काय लावू नये, हेही लिहून ठेवावे. गिरिपुष्प, सुबाभूळ आणि कोनोकार्पस ही परदेशी झाडे लवकर हिरवी दिसतात म्हणून खपतात, पण त्यांनी वेढलेल्या जागेत इथल्या पाखरांना खायला फारसे काही उरत नाही. घाणेरी आधीच असेल, तर ती मुळासकट काढून तिची जागा लगेच गवताने भरावी. या कामात चिकाटी किती लागते याचे उदाहरण जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी आहे. तिथल्या सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर 2006 पासून झाडांचे अभ्यासक-लेखक प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली विलायती बाभूळ हटवण्याचे काम सुरू झाले. मुळे कठीण ज्वालामुखी खडकात गेलेली असल्याने वरून तोडून उपयोग नव्हता. शेवटी परंपरेने दगड फोडणारे खंडवालिया कारागीर आले, त्यांनी हातोडीने खडक वाजवून त्याचा आवाज ऐकला, मुळाभोवतीचा दगड फोडला, आणि मोकळ्या झालेल्या त्याच खड्ड्यांत मारवाडातली मूळ झाडे लावली गेली. आपल्याकडच्या वडार समाजातल्या दगडफोड्यांचे ज्ञानही भूदृश्यरचनेत असेच मोलाने वापरले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

जागेवरचे काम आणि पहिली तीन वर्षे

जेसीबी जागेवर येण्याच्या आधी दोन गोष्टी करायच्या. उंबराच्या पर्णसंभाराच्या कडेपर्यंत भक्कम कुंपण घालायचे, जेणेकरून त्याच्या मुळांवर ना वाहन जाईल ना सिमेंटचे पाणी. आणि वरची सहा ते नऊ इंच माती खरवडून वेगळ्या ढिगात, ताडपत्रीखाली, ठेवायची. ठेकेदार ही माती भरावात घालून टाकतो आणि शेवटी बाहेरून विकत आणतो. म्हणून निविदेत तिच्यासाठी वेगळी बाब आणि वेगळा दर लिहावा.

खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन उन्हात तापू द्यावेत. मुरमात मीटरभर लांबी, रुंदी आणि खोलीचे खड्डे घेऊन त्यात तीच वरची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. काळ्या मातीत खोल खड्ड्याचा हौद होतो, म्हणून तिथे खड्डा उथळ आणि रुंद घ्यावा आणि रोप जमिनीपेक्षा चार बोटे उंच उंचवट्यावर लावावे. लागवड पहिल्या सरीवर करू नये. जमीन फूटभर ओली झाल्यावरच करावी. पिशवीत मुळे गोल फिरलेली रोपवाटिकेतली मोठी रोपे घेण्यापेक्षा दोन-तीन फुटांची, सरळ मुळांची रोपे घ्यावीत. तीन वर्षांत ती मोठ्या रोपांना गाठतात.

आच्छादन तीन-चार इंच जाड, पण खोडापासून वीतभर दूर असावे. ठिबक नाशिकमधल्या माळ्यांना द्राक्षबागांमुळे चांगले माहीत आहे, मात्र द्राक्षाला देतात तसे ते रोज देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पण प्रत्येक वेळी भरपूर आणि खोल पाणी द्यावे, आणि दरवर्षी ठिबकची नळी खोडापासून थोडी दूर सरकवावी, म्हणजे मुळे तिच्या मागे बाहेर जातात.

हस्तांतराच्या वेळी नकाशासोबत माळीबाबांच्या हातात एक वही द्यावी. तिच्यात प्रत्येक झाडाचा क्रमांक, लावल्याची तारीख, मेलेल्या रोपांची नोंद आणि कोणत्या चरात पाणी किती वेळ उभे राहिले यासाठी रकाने असावेत. रचनाकाराने पहिली तीन वर्षे दर जूनमध्ये आणि दर मार्चमध्ये ती वही वाचायला जावे, आणि त्याच्या या फेऱ्यांचे मानधन मूळ करारातच लिहून घ्यावे. तिसऱ्या जूनमध्ये बांबूचे आधार काढावेत, मुरमाच्या बाजूची ठिबक बंद करावी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याआधी ती नेमकी तिथेच का मेली हे खणून पाहावे, आणि पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा छत्री घेऊन ओहोळापर्यंत पाण्याच्या मागे चालत जावे.